लडाखहून आलेला सुरवंट

शनिवार, पंधरा नोव्हेंबर. रिक्षा जाऊन-येऊन ऐंशी, डॉक्टरांची फी सहाशे, थेंबांच्या दोन बाटल्या तीनशे दहा. एकूण नऊशे नव्वद रुपये. हजर: मी, बायको आणि आमची अकरा वर्षांची मुलगी. कारण: मुलीच्या उजव्या डोळ्यात सुरवंटाचे केस.

माझ्या घरखर्चाच्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच होती. बेरीज बरोबर होती. नोंद मात्र अपुरी होती आणि ती अपुरी आहे हे लिहितानाच मला ठाऊक होतं. बायको रिक्षा बघायला खाली गेली तेव्हा वर चार मिनिटं मी आणि मुलगी दोघंच होतो. त्या चार मिनिटांबद्दल मी वहीत काही लिहिलं नाही, बायकोला सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी सरळ विचारलं तेव्हा खोटं बोललो.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. एकवीस वर्षं झाली. शुक्रवार पेठेत पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. मूळचे आम्ही माळशिरसकडचे, घरी मेंढरं होती, थोरल्या भावाकडे अजून आहेत. त्याचा मुलगा फौजेत आहे, सध्या लडाखला. रजेवर आला की गाडी सोलापुरात उतरवते, म्हणून पहिला मुक्काम आमच्याकडे आणि मग गाव, असा त्याचा शिरस्ता.

या वेळी तो नऊ तारखेला, रविवारी सकाळी आला. चहा घेतला आणि पहिलं काम म्हणजे बिस्तरा उचलून गच्चीवर नेला.

"तात्या, आधी ह्याला ऊन दावतो. लई दिवस ऊन बघितलं न्हाय ह्यानं."

त्याच्या मागे माझी मुलगी गेली, तिच्या मागे मी. त्याने हिरवी कांबळी झटकून पसरली. घडीतून काहीतरी टपकन पडलं. काळपट, बोराएवढं, लोकरीची गुंतवळ असावी तसं. मी चपलेने बाजूला सारणार होतो.

"पप्पा, थांबा! याला पाय आहेत."

सुरवंट होता. अंगाची गुंडाळी केलेला. पाठीवर लांब काळे केस, बाजूंना तांबूस. बोटाने दाबला तर खडीसारखा टणक. कपडे वाळत घालायला वर आलेली बायको म्हणाली, "मेलंय ते. फेक तिकडं."

"मेलं न्हाय, काकी," पुतण्या म्हणाला. "हे आमच्या तिकडचंच की. सरकारी खर्चानं आलंय, बिनतिकिटाचं! थंडीत दगडाखाली असंच पडतंय, पार गोठून. उन्हाळा आला की उठून चालाय लागतंय. आमचा हवालदार म्हणतो, ह्याला रजा मिळत न्हाय म्हणून झोपा काढतंय."

"आणि मग?" मुलीने विचारलं.

"मग कोष करतंय. आन जुलैमधी पाखरू हुतंय. दिव्यावर येतंय आमच्या. वरचं पंख बघितलं तर आपली सोलापुरी चादर, तपकिरी-पांढरी नक्षी. आन बोट लावलं की खालचं पंख उघडतंय. लालभडक, काळं ठिपकं. पहिल्यांदा बघितलं तवा मी दचकून मागं पडलो. रायफल हातात आन पाखराला भ्यालो."

मुलीने आईचा मोबाइल घेतला आणि तासाभरात शोधून काढलं. हे पाखरू म्हणजे टायगर मॉथ. थंड मुलुखातलं. याची एक जात तर पार उत्तरेला, जिथे उन्हाळा दोन महिन्यांचाच असतो तिथे राहते. तेवढ्या उन्हाळ्यात सुरवंटाची वाढ पुरी होत नाही, म्हणून तो एक हिवाळा गोठून काढतो, लागला तर दुसराही. मला ही गोष्ट पटली नाही. गोठलेला जीव परत चालतो कसा? पण दुपारी तीन वाजता तो चालला. वाटेत तो बिस्तऱ्याच्या घडीत दाबला गेला होता; आता स्टीलच्या डबीत मोकळा झाला, आपल्या इथल्या नोव्हेंबरची ऊब लागली आणि गुंडाळी सुटली. डबीच्या कडेवरून तो चालत निघाला, फार घाई असल्यासारखा.

मुलगी टाळ्या वाजवत होती. पुतण्या मात्र म्हणाला, "वाईट झालं. हितली थंडी म्हंजे तिकडचा उन्हाळा. आता ह्याला वाटंल टाइम झाला. खाईल, कोष करंल, पाखरू हुईल. आन एकटंच. सोलापुरात त्याला दुसरं कोण भेटणार?"

हे शेवटचं वाक्य तिच्या मनाला लागलं. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की डबी फ्रीजमध्ये गेली आहे.

"इडलीच्या पिठाशेजारी?" बायको ओरडली. "बाहेर काढ आधी!"

"मम्मी, वाघ आहे तो. टायगर."

"वाघ असू दे नाहीतर हत्ती. माझ्या फ्रीजमध्ये नाही."

शेवटी तडजोड झाली. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ती डबी, सगळ्यात खालचा कप्पा, आणि वर कागद: 'हात लावू नये. झोपला आहे.' पुतण्याची परतीची गाडी सात डिसेंबरची होती. तो जाताना सुरवंटाला परत नेणार असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो गावाला गेला.

आता पंधरा तारखेचं सांगतो.

मुलगी रोज शाळेतून आली की दोन मिनिटं डबी बाहेर काढायची, बघायची आणि परत ठेवायची. शनिवारी दुपारी मैत्रिणीचा फोन आला आणि डबी टेबलावर राहिली, खिडकीच्या उन्हात. फोन संपवून ती आली तेव्हा तो जागा झाला होता. तोंड कसं असतं ते बघायला तिने डबी डोळ्याजवळ नेली. त्याने लगेच गुंडाळी केली. ती उघडावी म्हणून तिने फुंकर मारली. डबीत आठवडाभर गळलेले केस होते. ते उडाले.

मी आतल्या खोलीत होतो. तिची किंकाळी ऐकून बाहेर आलो. उजवा डोळा घट्ट मिटलेला, गालावर पाणी. बायकोने तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. "चोळू नको, अजिबात चोळू नको," असं ती तिला सांगत होती आणि मला म्हणत होती, "केस गेलेत हो डोळ्यात. नव्या पेठेत त्या डोळ्याच्या बाई आहेत, चारला उघडतात. मी रिक्षा बघते. तुम्ही हिचे हात धरा. चोळू देऊ नका."

ती जिना उतरली. मी हात धरले. मुलीच्या गालावर, पापणीवर बारीक काळे केस मला स्पष्ट दिसत होते. पाचसहा तरी.

आमच्या गावाकडे पावसाळ्यात सुरवंट अंगावर पडायचे. केस कातडीत रुतले की आग व्हायची. त्यावर इलाज एकच, घोंगडी. मेंढीच्या लोकरीची, खरखरीत. तिच्या टोकाने रुतलेल्या जागी एकाच दिशेने सात वेळा ओढायचं. लोकरीत केस अडकून येतात. माझ्या वडिलांनी माझ्या पाठीवर, मानेवर कितीदा केलं आहे. एकदाही फुकट गेलं नाही. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, हिशेब लिहिण्यात जन्म गेला, पुराव्याशिवाय एक पावती धरत नाही. पण या गोष्टीचा पुरावा माझ्या अंगावर होता.

घोंगडी दिवाणात होती. काढली. टोक बोटाला गुंडाळलं. मुलीला म्हणालो, "डोळा मिटून ठेव. गावाकडं असंच करतात. लगेच बरं वाटेल."

आधी गालावरून. मग मिटलेल्या पापणीवरून, नाकाकडून कानाकडे. एक. दोन. तिसऱ्याला ती ओरडली, "पप्पा, नको!" मी थांबायला हवं होतं. पण मोजणी सातची होती. मी सात पुरे केले.

पापणीवरचे केस दिसेनासे झाले. मला वाटलं, घोंगडीला लागले. उजेडात घोंगडी बघितली. काळ्या लोकरीत काळे केस, काय दिसणार? केस बाहेर आले नसतील तर कुठे गेले?

खालून बायकोची हाक आली. मी घोंगडी दिवाणात टाकली आणि मुलीला म्हणालो, "मम्मीला सांगू नको." एवढे तीनच शब्द. तिने डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. "क्या हुआ बच्ची कू?"

बायकोने सांगितलं.

"पानी डाले क्या आँख में? नल के नीच्चे धरना था ना, साब. हात नको लगाओ बेटा, बिल्कुल नको लगाओ. पानी से बह जाते वो."

नळ स्वयंपाकघरात होता. दिवाणापेक्षा तीन पावलं जवळ. रिक्षावाल्याने नव्या पेठेच्या गर्दीतून, शनिवारच्या त्या गर्दीतून, ज्या रीतीने रिक्षा काढली तशी एरवी कोणी काढली असती तर मी रागावलो असतो.

दवाखाना साड्यांच्या दुकानाच्या वर आहे. डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मुलीची हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांनी बराच वेळ बघितलं. सुन्न करणारे थेंब घातले, डोळा धुतला, बारीक चिमट्याने एकेक केस काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. मी मोजत होतो. अकरा.

"या केसांना बारीक काटे असतात," त्या म्हणाल्या. "गव्हाच्या कुसळासारखे. एकाच दिशेने सरकतात, आत. मागे येत नाहीत. डोळ्यात फार आत गेला तर वाईट. कधीकधी महिन्यांनी त्रास देतो." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चोळलं होतं का?"

"छे, छे," बायको म्हणाली. "मी हात धरून ठेवले होते. मग यांनी धरले."

डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मुलीला विचारलं, "तू चोळलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. आणि यात खोटं काहीच नव्हतं. तिने चोळलं नव्हतं.

"मग वरवरचेच असतील, ते निघाले. चोळलं असतं तर पापणीच्या आतल्या घडीत रुतले असते. दर दोन तासांनी थेंब घाला. पुढच्या शनिवारी या. नजर कमी वाटली तर लगेच या, वाट बघू नका."

घरी येऊन मी वहीत नऊशे नव्वद लिहिले.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळपासून मात्र माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: नजर कमी वाटली तर. वाटली म्हणजे किती? कोणाला? मला मोजमाप हवं होतं. भिंतीवर आमच्या कारखान्याचं कॅलेंडर आहे. तारखांखाली बारीक अक्षरात तिथी, सण वगैरे छापलेलं. मी फरशीवर खडूने रेघ मारली, भिंतीपासून मोजून बारा फूट. मुलीला तिथे उभं केलं. डावा डोळा तळव्याने झाकायचा आणि सोळा ते बावीस या आठवड्याखालची बारीक अक्षरं वाचायची.

पहिल्यांदा ती अडखळली. "दिसत नाही नीट." मी तिला पुढे घेतलं. दहा फुटांवर वाचलं. वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं: रविवार सकाळ, दहा. आधी किती होतं हे मला ठाऊक नव्हतं, पण मला वाटलं, दोन फूट गेले. दुपारी जेवण गेलं नाही. ताट तसंच सारलं. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना काही नाही म्हणून?" डॉक्टरांनी काय ऐकून तसं सांगितलं, हे मलाच माहीत होतं.

रविवारी संध्याकाळी तिने बाराच्या रेघेवरून सगळं वाचलं. सोमवारी सकाळी बारा, संध्याकाळी बारा. मंगळवारी दोन्ही वेळा बारा. मी प्रत्येक वेळी तीच रेघ, तोच आठवडा ठेवला. मोजमाप मध्येच बदललं तर आकड्यांना अर्थ राहत नाही. आकडे उत्तम होते. तरी डोळा लाल होता, आणि ती उजेडाकडे बघत नव्हती, आणि थेंब घालताना माझा हात लागला की अंग चोरायची.

मंगळवारी पुतण्याचा फोन आला. बायकोने त्याला सगळं सांगितलं. त्याने मुलीला फोनवर मागितलं. फोन मोठ्याने लावला होता.

"बाय, त्या भाड्याला काढ बाहीर आन बुटाखाली घाल. मी भरून देतो."

"काय भरून देणार?"

"दुसरा आणून देतो."

"नको. त्याने काय केलं? तो तर नुसता बसला होता. फुंकर मी मारली. आणि नंतर..." ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. "त्याला काही करायचं नाही, दादा. तू न्यायचं कबूल केलंयस."

त्या 'आणि नंतर'पुढे जी जागा मोकळी राहिली तिच्यात मी बुधवारपर्यंत पडून होतो.

बुधवारी, एकोणीस तारखेला, मी दुपारी साडेतीनलाच घरी आलो. कामावर लक्ष नव्हतं. एका बिलात अठराच्या जागी एक्याऐंशी लिहिले आणि ते दुसऱ्याने पकडलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मुलगी शाळेत जात नव्हती. बायको शिवणाचं काम घेऊन बसली होती. मी मुलीला रेघेवर उभं केलं. ती घडाघडा बोलू लागली. सोळा खाली हे, सतरा खाली ते. फार वेगाने. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती वाचत होती, आणि मी तिच्याकडे बघितलं तर तिची मान कॅलेंडरकडे नव्हतीच. खिडकीकडे होती.

मी भिंतीकडे गेलो आणि पान उलटलं. डिसेंबर.

"आता वाच."

तिने तळवा डाव्या डोळ्यावर आणखी दाबला.

"वाच ना."

"पप्पा, ते नोव्हेंबरच बरं आहे."

मी तिला दहा फुटांवर आणलं. नऊ. सात. पाच फुटांवर तिला तारखांचे मोठे आकडे दिसले. बारीक अक्षरं तीन फुटांवरही नाहीत. मी एकेक फूट मोजत होतो, आणि प्रत्येक फुटागणिक आमच्या मुलीचा डोळा जातो आहे, मी घालवला आहे, हे मला दिसत होतं. खडूच्या रेघेवरच खाली बसलो.

बायको शिवण टाकून उठली. "अगं, मग चार दिवस बारा बारा म्हणून काय वाचत होतीस?"

"पाठ केलं होतं."

"का पण?"

"पप्पा वहीत लिहितात ना. दहा लिहिलं त्या दिवशी जेवले नाहीत. बारा लिहिलं की जेवतात."

मग मी दिवाण उघडला, घोंगडी काढली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली. "तू रिक्षाला गेली होतीस तेव्हा," मी म्हणालो, "मी हिच्या डोळ्यावरून ही ओढली. सात वेळा. ती नको म्हणत होती. आणि मीच तिला सांगितलं, तुला सांगू नको."

बायकोने घोंगडीकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती फक्त म्हणाली, "पैशापैशाचा हिशेब लिहिता. एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं?" आणि चपला घालायला वळली.

रिक्षाची वाट न बघता आम्ही चालत निघालो. मुलगी मध्ये, ओढणीने डोळा झाकलेला, दोघांचे हात धरून. नव्या पेठेत एका स्कूटरचा आरसा तिच्या दंडाला घासून गेला तेव्हा बायको त्याच्यावर ओरडली, आणि मला कळलं की ते मला होतं.

दवाखान्यात चार जण आधी बसले होते. मी थेट आत गेलो. आयुष्यात नंबर मोडून कुठे गेलो नव्हतो. "बाई, मी शनिवारी खोटं बोललो. चोळलं होतं. मी चोळलं होतं. घोंगडीने, सात वेळा, इकडून इकडे." बोटाने दाखवलं.

डॉक्टरांनी आधीच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलीला यंत्रावर बसवलं, सुन्न करणारे थेंब घातले, आणि वरची पापणी एका काडीवर उलटी करून मग परत एकदा, आणखी आतपर्यंत उलटी केली. मी बघू शकलो नाही. बायकोने मुलीचं डोकं धरलं होतं. मुलगी रडत नव्हती. मीच रडत होतो.

कागदावर केस येऊ लागले. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मोजले. सात निघाले. सातच का, असं मी पुढे कितीदा स्वतःला विचारलं आहे. त्याला काही अर्थ नाही, योगायोग आहे. तरीही विचारतो.

"हे पापणीच्या घडीत रुतले होते," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक उघडझापेला बुबुळाला ओरखडे काढत होते. म्हणून धूसर दिसतंय. ते भरून येईल, बहुतेक पूर्ण येईल. शनिवारी सांगितलं असतंत तर चार दिवस हिचा डोळा सोलला गेला नसता."

"बहुतेक?" बायकोने विचारलं.

"एक केस बुबुळात आहे. खोल. तो काढायला गेले तर जास्त इजा होईल. तो तिथेच बसला तर बसेल. आत सरकला तर मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. आधी आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यांनी दाखवत राहायचं. एक वर्ष तरी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घोंगडी पाठीवर ठीक आहे. थंडीत पांघरायला तर उत्तम. डोळ्याला पाणी."

फी घ्यायला त्या विसरल्या नाहीत, आणि त्या विसरल्या नाहीत याचं मला बरं वाटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. एकवीसला तिला पाच फुटांवरून बारीक अक्षरं दिसली, पंचवीसला आठवरून. आता रोज मी वेगळं काहीतरी समोर धरायचो: विजेचं बिल, औषधाचा कागद, तेलाच्या पिशवीची मागची बाजू. तिला हसू यायचं. "पप्पा, तेलात काय काय असतं ते मला पाठ व्हायला लागलंय." मला हसू यायचं नाही. तो एक केस किती लांबीचा असेल, रोज किती सरकत असेल, किती दिवसांत कुठे पोचेल, असलं गणित माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं, आणि त्यातला एकही आकडा मला ठाऊक नव्हता. आकडा नसलेली भीती मला तोपर्यंत माहीत नव्हती.

सव्वीसला आणि परत तीन डिसेंबरला डॉक्टरांनी बघितलं. केस जागचा हलला नव्हता. पाच डिसेंबरला मुलीने बारा फुटांवरून कारखान्याचं एक जुनं बिल वाचलं, जीएसटी क्रमांकासकट. मी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी शेवटापासून उलटं.

सहाला पुतण्या गावाहून आला. येताना त्याच्या आईने दिलेली चटणी, शेंगा आणि खाली घातलेली मान घेऊन.

"तात्या, माझ्यामुळं झालं हे समदं."

"तुझ्यामुळं नाही," बायको म्हणाली. "विचार तुझ्या तात्यांना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्याने शेंगांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी असतो तर मीबी घोंगडीच काढली असती, काकी." बायकोने त्याला दुसरी भाकरी वाढली.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला डबा इतके दिवस कोणी उघडला नव्हता. बायकोही त्याला हात लावत नव्हती. फेका असंही म्हणत नव्हती. मुलीने तो आणला, तोंड दूर ठेवून, डोळ्यावर माझा जुना चष्मा लावून. मी मध्ये हात धरला तेव्हा ती मला म्हणाली, "पप्पा, मी फुंकर मारणार नाही. तुम्ही फक्त घाबरू नका." मी पेन्सिलीने झाकण सारलं. सुरवंट तसाच होता. गुंडाळी, टणक, काळा. याला त्याच्या जागी एक हिवाळा काढायचा होता आणि आम्ही त्याला मध्येच उठवलं, एवढाच त्याचा संबंध.

पुतण्या म्हणाला, "दिल्लीपतूर गाडीत तीस तास धरा. उकाड्यात हा उठंल परत."

"मग बर्फात ने," मुलगी म्हणाली. "थर्मासमध्ये. बर्फ वितळला की स्टेशनवर दुसरा घ्यायचा. दादा, तू कबूल केलंयस."

"बर्फाचं पैसं कोण देणार?" पुतण्या मला ऐकू जाईल असं म्हणाला. "फौजेत सुरवंटाचा भत्ता न्हाय मिळत."

सात डिसेंबरला, रविवारी दुपारी, गाडीला अजून वेळ होता. मी वही घेऊन बसलो. आधी पंधरा नोव्हेंबरचं पान काढलं. 'कारण: उजव्या डोळ्यात सुरवंटाचे केस' याच्याखाली जागा होती. तिथे लिहिलं: 'मी घोंगडीने सात वेळा चोळले. मुलगी नको म्हणत होती. तिला गप्प राहायला मी सांगितले.' वही मुलीकडे दिली. तिने डावा डोळा झाकला, वही हातभर लांब धरली आणि उजव्याने तीनही ओळी मोठ्याने वाचल्या. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज तेवढा वेळ थांबला होता.

मग आजचं पान काढलं.

रविवार, सात डिसेंबर. सुरवंटासाठी वाटेत लागणारा बर्फ: दोनशे रुपये. पुतण्याला रोख दिले.